एक जुना हायवा

मागचा हौदा उचलून खडी, मुरूम, माती ओतणाऱ्या दहा चाकी ट्रकला आपल्याकडे ‘हायवा’ म्हणतात. पुष्कळांना तो ‘हायवे’चा अपभ्रंश वाटतो. तसे नाही. हायवा ही मूळची नेदरलँडमधली कंपनी. ती ट्रक बनवीत नाही, हौदा उचलणारा जॅक बनवते. ट्रक टाटाचा असो नाहीतर अशोक लेलँडचा, नाव लागले ते जॅकवाल्याचे. जेसीबी म्हणजे इंग्लंडमधल्या बॅमफर्ड नावाच्या कारखानदाराची आद्याक्षरे. पोकलेन फ्रान्सची. म्हणजे डोंगर खोदण्याची, भरण्याची आणि वाहून नेण्याची आपली बोली आता तीन परदेशी पाट्यांवर चालते. पहार, घण, छिन्नी, घमेले हे शब्द अजून आहेत, पण त्यांना पूर्वीसारखे काम राहिलेले नाही.

माझ्या घरात हे शब्द आले ते भाच्यामुळे. तो दहा-अकरा वर्षे दुसऱ्याच्या हायवावर चालक होता. त्याचा मित्र त्र्यंबकेश्वरजवळच्या एका महादेव कोळी वस्तीतला, पोकलेनवर ऑपरेटर. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची, घाटांची कामे निघणार, गाड्यांना मागणी येणार, असा हिशेब करून २०२५ च्या उन्हाळ्यात दोघांनी भागीत जुनी गाडी घ्यायचे ठरवले. नव्या गाडीची किंमत चाळीस लाखांच्या घरात. जुन्या गाडीला बँक सहसा दारात उभे करीत नाही. खासगी फायनान्सचे व्याज वेगळेच असते. तेव्हा बहिणीने बांगड्या काढून दिल्या. भागीदाराने बैलजोडी आणि साठवलेले पैसे घातले. आणि घरात बी.ए. झालेला मीच असल्यामुळे भाचा म्हणाला, ‘‘मामू, कागद तुम्ही बघायचे.’’

गाडी पाहायला आम्ही नाशिकच्या एका म्हाताऱ्या मिस्तरीला बरोबर नेले. गाडी २००९ ची, टाटा २५१६. या आकड्यात दोन गोष्टी आहेत: पहिले दोन अंक म्हणजे मालासकट गाडीचे एकूण वजन, २५ टन, पुढचे दोन म्हणजे इंजिनाची ताकद, १६० अश्वशक्ती. सरकारने २०१८ साली तीन ॲक्सलच्या गाडीची मर्यादा साडेअठ्ठावीस टनांपर्यंत वाढवली, पण मिस्तरी म्हणाला, मर्यादा वाढवली म्हणून जुन्या गाडीची हाडे वाढत नाहीत.

गाडी नुकतीच रंगवलेली होती. मिस्तरीने रंगाकडे पाहिलेसुद्धा नाही. ‘‘गाडीत सगळ्यात स्वस्त रंगच असतो,’’ म्हणाला. इंजिन चालू ठेवून त्याने ऑइलचे झाकण काढले. तिथून धूर फुंकरीसारखा जोरात आला की समजावे, पिस्टनच्या रिंगा गेल्या. मग मागचा धूर पाहिला. काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही. निळा म्हणजे ऑइलच जळते आहे. पांढरा सकाळच्या थंडीत चालतो, इंजिन तापल्यावरही राहिला तर नोझलचे काहीतरी आहे किंवा पाणी आत शिरते आहे. आमच्या गाडीचा धूर निळा होता. पुढचे चाक जॅकवर उचलून त्याने दोन्ही हातांनी हलवले आणि किंगपिन किती खेळते ते पाहिले. डिफरन्शियलचे तेल बोटावर घेऊन उन्हात धरले. त्यात धातूची चमक दिसली असती, तर आतले दात झिजताहेत असा अर्थ होता. चमक नव्हती.

शेवटी तो गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मागच्या बोगीच्या ब्रॅकेटजवळ रंगाचा थर जरा जाड होता. पान्याच्या टोकाने त्याने तो खरवडला. खाली वेल्डिंगची रेघ निघाली. चेसी तिथे कधीतरी तडकली होती. विकणाऱ्याने याबद्दल अवाक्षर काढले नव्हते. त्या एका रेघेमुळे साडेआठ लाखांची गाडी साडेसातला आली. आणि ती रेघ माझ्या डोक्यात बसली ती तिच्या उपायामुळे. चेसीला चीर गेली की चिरेच्या अगदी टोकाला बारीक भोक पाडतात. टोक गोल झाले की ताण एका बिंदूवर साचत नाही, आणि चीर पुढे सरकत नाही. मग चीर भरतात, वरून जाड पट्टी बोल्टांनी आवळतात. तडा थांबवायचा तर आधी भोक पाडायचे! कविता लिहिणाऱ्याला असे काही कळले की चार दिवस बरे जातात.

कागदांत कविता अजिबात नसते. आरसीवरचा चेसी नंबर आणि चौकटीवर ठोकलेला नंबर जुळला पाहिजे. त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्यावा. फायनान्सचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५, मालकी बदलाचे २९ आणि ३०, थकलेला टॅक्स, न भरलेली ई-चलने, विमा. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला महाराष्ट्रात पर्यावरण कर आहे आणि फिटनेस दरवर्षी. पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारातच जाते, असे अनेकजण ठामपणे सांगतात. सरकारी गाड्यांना तो नियम १ एप्रिल २०२३ पासून लागला. खासगी मालवाहू गाडी फिटनेसला उतरली तर चालते. उतरली तर.

त्र्यंबकेश्वराच्या पावसाबद्दल नाशिककरांना सांगायला नको. त्या चार महिन्यांत खाणी थंडावतात, गाड्या उभ्या राहतात, म्हणून पावसाळा हा गॅरेजचा हंगाम. आमचा हायवा जून ते दसरा पत्र्याच्या शेडखाली उघडा होऊन पडला होता. त्यातले इंजिन कमिन्सचे, सहा सिलिंडरचे. पुष्कळ इंजिनांत सिलिंडरमध्ये वेगळी नळी बसवलेली असते, ती झिजली की नवी घालतात. यात तशी नळी नाही. पिस्टन थेट ब्लॉकमध्ये फिरतो. म्हणून ब्लॉकच वर्कशॉपला नेऊन बोअर अर्धा मिलिमीटर वाढवला आणि तेवढे मोठे पिस्टन घातले. नोझल बदलले. डिझेलचे नोझल आपल्या सातपूरला बनतात. कंपनीचे नाव २००८ साली मायकोचे बॉश झाले, पण गॅरेजमध्ये नोझल मागायचा तो मायकोचाच.

जुन्या सुट्या भागांसाठी पूर्वी अंबड लिंक रोडचा भंगार बाजार होता. महापालिकेने तो २०१७ साली हटवला, पुन्हा वसला, २०२५ च्या सुरुवातीला पुन्हा हटवला. त्यामुळे एका जुन्या गिअरसाठी भाच्याला मालेगावपर्यंत जावे लागले. मिस्तरी मात्र खुश होता. कारण या इंजिनात संगणक नाही. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस सहाच्या गाड्यांना सेन्सर असतात. बिघाड शोधायला आधी लॅपटॉप जोडावा लागतो. ‘‘ती गाडी मला विचारत नाही, मशीनला विचारते,’’ तो म्हणायचा. धुराच्या बाबतीत नवी गाडीच कितीतरी चांगली, हेही सांगितले पाहिजे. मी ते त्याला सांगितले. त्याने मला पान्यांची पेटी उचलायला लावली.

त्याचा एक नियम असा होता, की उचललेल्या हौद्याखाली टेकू लावल्याशिवाय कोणी हातसुद्धा घालायचा नाही. जॅक तेलाच्या दाबावर उभा असतो. तेलाची एक नळी फुटली की हौदा खाली बसतो. ओरडायलाही वेळ मिळत नाही. एकदा भागीदाराने पडलेला बोल्ट काढायला नुसता हात आत घातला, तर मिस्तरीने त्याला सगळ्यांदेखत अशी शिवी दिली की तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी टेकू त्यानेच आणून लावला.

रंगाच्या वेळी भाचा म्हणाला, मागच्या फाळक्यावर मामूच्या दोन ओळी हव्यात. ‘हॉर्न ओके प्लीज’ला महाराष्ट्रात २०१५ साली बंदी आली, तेव्हा जागा मोकळीच होती. मी दोन ओळी लिहून दिल्या. पेंटरने अक्षरे मोजली आणि म्हणाला, ‘‘सर, एवढे लिहिले तर वाचायला मागच्याला जवळ यावे लागेल. जवळ येऊ नका, हेच तर आपण लिहितो.’’ फाळक्यावर ‘अंतर ठेवा’ आले. पुढच्या काचेवर एका कोपऱ्यात ७८६, दुसऱ्या कोपऱ्यात ‘त्र्यंबकराज प्रसन्न’. नारळ मिस्तरीने फोडला.

भागीचा करार मीच लिहिला, पाचशेच्या स्टॅम्पवर. सगळी कलमे सरळ गेली, एका ठिकाणी अडले. भागीदार म्हणाला, ‘‘मामा, त्यात लिहा. ब्रह्मगिरीच्या अंगाचा माल आपली गाडी भरणार नाही.’’ भाचा म्हणाला, परवाना असेल तर काय हरकत आहे? तो म्हणाला, परवाना असला तरी नाही. २०२१ साली ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी डोंगर पोखरल्यावरून आंदोलन उभे राहिले, काम थांबवावे लागले, ते त्याने पाहिले होते. त्याचे म्हणणे साधे होते. गोदावरी तिथे उगम पावते हे पुस्तकात आहे. त्याच्या वस्तीला त्या डोंगराचा संबंध पुस्तकातून नाही, झऱ्यातून आहे. एवढ्या पावसाच्या मुलखात मार्च-एप्रिलला बायका हंडे घेऊन फिरतात. मिस्तरी मध्येच बोलला, की धंद्यात असे चालत नाही, उभी गाडी मालकाला खाते. त्यावर भागीदार म्हणाला, ‘‘उस्ताद, गाडीचा गिअर मालेगावला मिळाला. डोंगराचा कुठे मिळतो?’’

त्र्यंबकेश्वराचे आजचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७५५ साली सुरू केले आणि ते १७८६ साली पुरे झाले. एकतीस वर्षे. तोही दगड इथलाच, काळा पाषाण. दगड काढूच नये असे कोणी म्हणत नाही. खडीशिवाय रस्ता होत नाही आणि रस्त्याशिवाय यात्रा होत नाही. पण छिन्नी-घणाला जो दगड काढायला महिने लागत, तो पोकलेन आणि हायवा दुपारपर्यंत नेतात. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. वजनाच्या मर्यादेत राहून आमची गाडी एका फेरीत चारएक ब्रास वाहते. मी करारात ते कलम लिहिले. भाच्याने सही केली, पण मनाविरुद्ध.

डिसेंबरात त्या कलमाची किंमत कळली. जवळच्याच एका खोदकामावरून बोलावणे आले. अंतर कमी, दिवसाला दुप्पट फेऱ्या. भागीदार नाही म्हणाला. भाचा दोन दिवस घरी आला नाही. गाडी आठवडाभर उभी राहिली आणि त्या महिन्याचा हप्ता बहिणीने शिलाईच्या पैशांतून भरला. तिला मी कलम वाचून दाखवले. ती म्हणाली, ‘‘लिहिले आहे तर पाळा.’’ आणि मशीनवर पुन्हा बसली.

नंतर दूरच्या एका परवानाधारक क्रशरवरून रस्त्याच्या कामाला खडी टाकायचे काम मिळाले. फेऱ्या तीनच होतात, डिझेल जास्त जाते. इंजिनाचा धूर आता निळा नाही. चेसीवरची पट्टी भाचा दर रविवारी स्वतः खाली शिरून बघतो, बोल्ट आवळतो. बांगड्या अजून सराफाकडेच आहेत.