चिंतामणीचे कुंड आणि कपाशीचे बोंड



यवतमाळहून वर्ध्याकडे जाताना कळंब लागते. तेथील चिंतामणीचे देवालय जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून खाली गेले म्हणजे कुंड व गाभारा दिसतो. शापदग्ध इंद्राने येथे तप केले, आणि तेव्हापासून दर बारा वर्षांनी गंगा येथे येऊन देवाचे चरण धुते, अशी कथा आहे. एखाद्या वर्षी कुंडाचे पाणी वर चढून गाभाऱ्यात शिरते. मग 'गंगा आली' ही वार्ता पंचक्रोशीत पसरते आणि दर्शनासाठी माणसांची रीघ लागते.

अशा वर्षी पाचवीतील एखादा मुलगा वर्गात उभा राहून म्हणेल, "गुरुजी, कळंबला गंगा आली. आजी जाऊन आली." आता गुरुजींनी काय करावे? काहीजण हसतात. त्या हसण्याने मुलाच्या मनातील श्रद्धा जात नाही. तो एवढेच शिकतो की घरची गोष्ट शाळेत सांगावयाची नसते. काहीजण हात जोडतात आणि पुढचा धडा काढतात. दोन्ही प्रकारांत मुलाची जिज्ञासा तेथेच संपते.

आपल्या जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा आहे. पावसाचे पाणी मुरमात व खडकाच्या भेगांत साठते आणि भूजलाची पातळी वर आली म्हणजे सखल जागी प्रकट होते. कुंडाच्या पाण्याचे कारण हेच असण्याचा संभव मोठा आहे. परंतु हे उत्तर फळ्यावर लिहून देणारा शिक्षकही एका ऐकीव गोष्टीच्या जागी दुसरी ऐकीव गोष्ट ठेवतो. त्यापेक्षा गावच्या विहिरीत, मोठे माणूस जवळ ठेवून, गाठी मारलेला दोर सोडावा. दर आठवड्यास पाण्याची खोली वहीत लिहावी आणि शेजारी पावसाचा आकडा मांडावा. 'बारा वर्षे' हीदेखील पडताळून पाहण्याजोगी गोष्ट आहे. कोणकोणत्या वर्षी पाणी चढले, हे वृद्धांस विचारून मुलांनी स्वतः अंतरे मोजावीत. बारा आली तर बारा लिहावीत, पंधरा आली तर पंधरा. आजीने पाण्यापुढे मस्तक का नमविले, हे मात्र त्या दोराने मोजता येत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. कोरडवाहू मुलखातील माणसाला पाणी पाहून हात जोडावेसे वाटले, तर त्यात खोडून काढण्यासारखे काय आहे?

तथापि हीच तपासणी विज्ञानाच्या नावाने आलेल्या गोष्टींनाही लावावयास हवी, आणि तेथे आपण फार ढिले असतो. 2002 साली बीटी कपाशीच्या लागवडीस आपल्या देशात परवानगी मिळाली. जमिनीतील एका जिवाणूचा गुण कपाशीत आणला असल्याने बोंडअळी मरते, हे खरे होते. प्रारंभीची काही वर्षे बोंडअळीवरील फवारण्या कमी झाल्या, हेही नाकारता येत नाही. पण 'ह्या बियाण्यास अळी लागतच नाही' हे वाक्य बांधोबांधी गेले, आणि त्याला ताइताचे स्वरूप आले. पाकिटाबरोबर साध्या कपाशीचे बियाणे कडेने पेरण्यासाठी मिळत असे. त्यावर वाढलेल्या सामान्य पतंगांचा प्रतिकारक्षम पतंगांशी संकर व्हावा आणि अळी बीटीला सहजासहजी सरावू नये, हा त्यामागील हेतू. अनेकांनी ते पेरलेच नाही. का पेरावयाचे, हे त्यांस नीट सांगितलेही गेले नव्हते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी गुलाबी बोंडअळीतील वाढता प्रतिकार नोंदविला होता. अर्थात विज्ञानाची चूक विज्ञानाच्याच रीतीने ध्यानात आली. परंतु ताईत बांधलेला माणूस नोंदी वाचीत नाही. 2017 च्या हंगामात विदर्भातील बोंडे फोडली तो आत अळी! त्याच वर्षी ह्या जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. कोणाच्या तोंडावर फडके नव्हते, कोणी दोनतीन औषधे एकत्र केली होती. डब्यावरील मजकूर घरात ज्यास वाचता आला असता, ते मूल बहुधा आपल्यापैकीच कोणाच्या तरी वर्गात बसले असेल.

राज्यघटनेत 1976 साली समाविष्ट झालेल्या मूलभूत कर्तव्यांत विज्ञाननिष्ठ दृष्टीबरोबर शोधकबुद्धीचाही वेगळा उल्लेख आहे. तो उगाच नसावा.

एका प्रसंगी मात्र दोन्ही बाजू ऐकत बसण्यास अवधी नसतो, तो सर्पदंशाचा. मांत्रिकाने विष उतरविल्याच्या हकिकती गावोगाव ऐकू येतात, आणि सांगणारे खोटे बोलत नाहीत. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष अंगात शिरतेच असे नाही. असा रोगी मंत्रानेही बरा दिसतो आणि मंत्रावाचूनही. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे ह्यांचे विष खरोखर भिनले असेल, तर सर्पदंशावरील लसीवाचून उपाय नाही. हे वर्गात, कोणाच्या घरचा उपहास न करता, सांगता येते. मांत्रिकाने हवे तर वाहनात रोग्याशेजारी बसून मंत्र म्हणावा. वाहन मात्र रुग्णालयापर्यंत थांबू नये. गावास जवळचे कोणते रुग्णालय ही लस ठेवते, हे शिक्षकाने मृग लागण्यापूर्वी विचारून घ्यावे आणि शाळेच्या दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे.