विसरभोळीची वही
(वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



गेल्या वर्षी सासूबाईंच्या डोळे-तपासणीची वेळ मी साफ विसरले. दीड महिन्याने मिळालेली वेळ! त्या पिशवी मांडीवर घेऊन तयार बसल्या होत्या, आणि मी आतल्या खोलीत कपाट आवरीत होते. "असू दे," एवढेच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते.

पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. वयाच्या ४६ व्या वर्षी कळले, की याला एडीएचडी म्हणतात. हा दांडग्या मुलांचाच विकार, असा माझाही समज होता. पण तो पुष्कळांना मोठेपणीही सोडीत नाही. मुली वर्गात मुकाट बसतात, म्हणून त्यांचा तो ध्यानातही येत नाही. २०१३ च्या अमेरिकन निदानसूचीत तर १७ वर्षे व पुढील वयासाठी सहाऐवजी पाच लक्षणे पुरेशी धरली आहेत.

औषधाविषयी डॉक्टरांनीच बोलावे. मी माझी तऱ्हा सांगते. वही एकच. (पूर्वी चार होत्या, चारही हरवत!) वेळ ठरली की तिथल्या तिथे, उभ्याउभ्या लिहायची, "घरी जाऊन लिहीन" म्हटले की गेलीच. अकराला पोचायचे, तर मोबाईलचा गजर अकराचा नाही. दहाला एक, हातातले काम ठेवण्याचा. सव्वादहाला दुसरा, घर सोडण्याचा. कागदांची पिशवी आदल्या रात्रीच दाराच्या कडीला.

परवा दहाचा गजर झाला, तेव्हा मी पुन्हा कपाटापाशीच होते. बाहेर आले तो सासूबाई चपला घालून दारात उभ्या, पिशवी कडीवरून काढून.