क्रीडांगणाखालची वस्ती



आजचे व्याख्यान बेसबॉलसंबंधी आहे असे ऐकून काही मंडळी धास्तावली असतील. त्यांनी निर्धास्त असावे. त्या खेळाचे सगळे नियम मलाही ठाऊक नाहीत. मला बोलावयाचे आहे ते अमेरिकेतल्या एका क्रीडांगणाखालच्या जमिनीविषयी.

लॉस एंजेलिसच्या मध्यभागापासून जवळच, टेकड्यांमध्ये चावेझ रव्हीन नावाची घळ आहे. तिच्यात पालो व्हेर्दे, ला लोमा आणि बिशप अशा तीन वस्त्या होत्या. माणसे बहुतेक मेक्सिकन वंशाची. रस्ते कच्चे, परसात कोंबड्या नि शेळ्या. पण पुष्कळांची घरे मालकीची होती. १९४३ च्या जूनमध्ये या घळीतल्या नौदलाच्या तळावरचे खलाशी शहरात शिरून ढगळ सूट घालणाऱ्या मेक्सिकन पोरांना झोडपू लागले, तेव्हा पोलिसांनी पकडले ते मुख्यतः मार खाणाऱ्यांनाच! अटकांच्या संख्येवरून वस्तीची गुन्हेगारी मोजणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

गलिच्छ वस्तीत रोग आणि गुन्हे उपजतात, तेव्हा ती पाडून स्वस्त घरे बांधावीत, हा त्या काळच्या सुधारकांचा सिद्धान्त. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. १९४९ च्या केंद्रीय कायद्यान्वये शहराच्या वाट्यास १०,००० घरे आली. या घळीसाठी रिचर्ड नॉयट्रा आणि रॉबर्ट अलेक्झांडर यांनी आराखडा केला. त्यात तेरा मजल्यांच्या २४ इमारती होत्या. जुलै १९५० मध्ये रहिवाशांना पत्रे गेली : जागा सोडा, नव्या घरांवर पहिला हक्क तुमचा.

बहुतेकांनी जागा सोडल्या. घरे मात्र झाली नाहीत. सरकारी घरे म्हणजे समाजवाद, अशी ओरड झाली. योजनेचे पुरस्कर्ते, गृहनिर्माण खात्यातले फ्रँक विल्किन्सन, यांना १९५२ मध्ये साक्षीच्या वेळी राजकीय संबंध विचारण्यात आले. उत्तर नाकारल्यामुळे त्यांची नोकरी गेली. १९५३ मध्ये योजनेचे विरोधक नॉरिस पौलसन महापौर झाले आणि योजना बारगळली. सार्वजनिक कामासाठीच वापरावी, या अटीवर जमीन शहराकडे आली.

आता पाहा, गुन्ह्यांचे आणि रोगांचे कारण सांगून वस्ती उठविली. त्यावरचा उपाय म्हणून सांगितलेली घरे रद्द झाली. म्हणून वस्ती माघारी आली काय? छे! उपाय गेला, पण उठवणूक कायम राहिली.

सार्वजनिक काम आले ते ब्रुकलिनहून. तिथल्या डॉजर्स संघाचे मालक वॉल्टर ओमाली यांनी १९५७ मध्ये संघ लॉस एंजेलिसला हलविण्याचे ठरविले. त्यांच्याशी झालेल्या जमिनीच्या करारास जून १९५८ च्या मतदानात निसटती मान्यता मिळाली. ८ मे १९५९ रोजी आरेचिगा कुटुंबातल्या एका स्त्रीला शेरीफच्या माणसांनी हातापायांना धरून घराबाहेर काढले, आणि ते सर्व शहराने दूरचित्रवाणीवर पाहिले. पुढे या कुटुंबाची अन्यत्रही घरे असल्याचे उघडकीस आले, तशी लोकांची कणव आटली. जणू दुसरे घर असले की पहिल्याची किंमत उरत नाही!

१० एप्रिल १९६२ रोजी ५६,००० आसनांचे क्रीडांगण खेळासाठी खुले झाले. पालो व्हेर्दे शाळेची इमारत मोटारतळाखाली मातीत पुरली गेली. इकडे ब्रुकलिनला डॉजर्सचे जुने मैदान १९६० मध्ये पाडून त्याच जागी, १९६२ मध्येच, सुमारे १,३०० घरे उभी राहिली. घरांच्या जागी मैदान, आणि मैदानाच्या जागी घरे!

गुन्ह्यांचे म्हणाल, तर १९९२ मध्ये लॉस एंजेलिसात १,०९२ खून झाले, २०१४ मध्ये तीनशेहून कमी. क्रीडांगण दोन्ही वर्षी जागच्या जागीच होते. स्वस्त घरे मात्र अजून पुरत नाहीत : २०२३ च्या गणतीत शहरात ४६,००० हून अधिक बेघर माणसे आढळली.

२०२४ मध्ये या उठविलेल्या कुटुंबांच्या भरपाईचा विचार करणारे विधेयक कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केले. राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी त्यास संमती नाकारली. क्रीडांगणाशेजारच्या एलिसियन उद्यानात मात्र ही माणसे व त्यांची मुलेबाळे वर्षानुवर्षे वनभोजनाला जमत आली आहेत. स्वतःला ती ‘लोस देस्तेरादोस’ म्हणवितात. देशोधडीला लागलेले, असा त्या शब्दांचा अर्थ आहे.