आधी उगवण तपासा
(पुणे येथील कार्यकर्ता बैठकीतील भाषण)



पुण्यात बसलो आहोत, म्हणून इथलीच गोष्ट आधी सांगतो. २०१४ च्या मे महिन्याच्या अखेरीस शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे फेसबुकवर फिरली. लोक रस्त्यावर आले, बसगाड्या फुटल्या. २ जूनच्या रात्री हडपसरला नमाज पढून परतणाऱ्या एका तरुण संगणक अभियंत्याला जमावाने ठार मारले. सोलापूरहून पोटापाण्यासाठी आलेला पोरगा. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. २०२३ साली खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी सुटले. जीव मात्र गेला तो गेला.

आता आपल्या कापसाच्या मुलखातले पाहा. त्रिपुरात मशीद पाडली असे निरोप फिरले आणि १२ नोव्हेंबर २०२१ ला अमरावतीत मोर्चा निघाला. दगडफेक झाली. दुसऱ्या दिवशी उलट बाजूचा बंद, पुन्हा जाळपोळ, मग संचारबंदी. त्याच दिवशी केंद्रीय गृहमंत्रालयाने सांगितले, गोमती जिल्ह्यातल्या काकराबनची मशीद पाडल्याची बातमी खोटी आहे. तोवर दुकाने जळाली होती. ऐन कापूस वेचणीचे दिवस होते ते.

दोन्हींत फरक आहे, तो ध्यानात घ्या. अमरावतीत घडल्याची बातमीच खोटी होती. हडपसरला चित्रे खरी होती, पण गुन्हेगार खोटा होता. म्हणून प्रश्न दोन विचारायचे. हे घडले का? आणि घडले असेल, तर समोरच्या माणसाने केले कशावरून? दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि माणूस मरतो तो तिथेच.

मी शेतकी पदवीधर. ज्वारीचे १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवा, ७५ उगवले नाहीत तर पेरू नका, असे गावोगाव सांगतो. पण त्याच नोव्हेंबरात असाच एक निरोप मी न वाचता पुढे ढकलला. संध्याकाळी एका कार्यकर्त्याने विचारले, "साहेब, तुम्ही पाठवलंत म्हणजे खरंच असणार ना?" मला उत्तर देता आले नाही. माझ्या नावावर बोगस बियाणे खपले होते.

बोगस बियाण्याने एक हंगाम बुडतो. बोगस बातमीने बांधाला बांध असलेला शेजारी तुटतो, आणि तो पुढच्या मृगाला पुन्हा उगवत नाही. खात्री नसेल तर निरोप तुमच्यापाशीच थांबू द्या. एवढे गावात जाऊन सांगा.