तारामनचं पदक बावीस वर्षं कुठं होतं?

 

डिसेंबर महिना आहे. १६ डिसेंबरला आपल्याकडे विजय दिवस असतो. १९७१ साली याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. आपल्याला ते युद्ध कशामुळे माहीत? 'बॉर्डर' सिनेमामुळे. राजस्थानची वाळू, लोंगेवालाची चौकी, रणगाडे आणि घरी वाट बघणाऱ्या बायका. म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर ते भारत-पाकिस्तान युद्ध आहे. पण ज्यांच्या देशासाठी ते झालं, त्या बांगलादेशात त्याला मुक्तियुद्ध म्हणतात, म्हणजे स्वातंत्र्याची लढाई. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात गोळीबार सुरू झाला आणि पुढे जवळजवळ नऊ महिने ही लढाई चालली. आपलं सैन्य उघडपणे उतरलं ते डिसेंबरमध्ये. तोवर तिथली शेतकऱ्यांची, कामगारांची, कॉलेजातली पोरं लढत होती. एक कोटीच्या आसपास माणसं सीमा ओलांडून आपल्या देशात आली होती.

आपल्या म्हाताऱ्या माणसांना एक गोष्ट आठवत असेल. त्या वर्षी बहुतेक टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं, निर्वासितांच्या मदतीसाठी. म्हणजे पुण्या-मुंबईच्या मुलाने घरी पत्र धाडलं तरी त्यातले पाच पैसे बंगालच्या छावणीतल्या बाईच्या वाट्याला जायचे. आपला त्या लढाईशी असाही संबंध आहे.

आज मला बोलायचंय ते लढाई संपल्यानंतर काय होतं त्याबद्दल. लढाई सिनेमात जाते, गाण्यात जाते, पुतळ्यात जाते. मग त्यात कोण दिसतं आणि कोण दिसत नाही?

आधी रेडिओचं सांगते, कारण आपणही रेडिओवरच भेटतोय. मार्च १९७१ मध्ये चितगावजवळ कालुरघाटच्या केंद्रातून 'स्वाधीन बांगला बेतार केंद्र' सुरू झालं. बेतार म्हणजे बिनतारी, आपला रेडिओ. थोड्याच दिवसांत पाकिस्तानी विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले. मग ते सीमेपलीकडे आलं आणि मे महिन्यापासून कोलकात्यातून चालू लागलं. त्यावर गाणी लागायची, बातम्या असायच्या. 'चरमपत्र' नावाचा एक कार्यक्रम होता. एम. आर. अख्तर मुकुल तो ढाक्याच्या रांगड्या बोलीत करायचे आणि शत्रूची टर उडवायचे. लोक दारं लावून, आवाज बारीक करून ऐकायचे. पुस्तकी भाषेत सांगितलं असतं तर इतकं पोचलं नसतं. तिथल्या माणसांना ती गाणी आजही पाठ आहेत.

सिनेमेही लगेच निघाले. १९७२ साली 'ओरा एगारो जन' आला. नावाचा अर्थ 'ते अकरा जण'. त्यात काम करणारे बरेच जण खरोखर लढून आलेले होते. ढाक्याच्या सायकलरिक्षा मागून रंगवलेल्या असतात, त्यांच्यावरही बंदूकधारी मुक्तियोद्धे आले. मुक्तियोद्धा म्हटलं की खांद्यावर बंदूक घेतलेला तरुण गडी, हे चित्र मनात पक्कं बसलं.

आता तारामन बीबीची गोष्ट ऐका.

कुडीग्राम जिल्ह्यात ब्रह्मपुत्रेच्या काठी तिचं गाव. १९७१ मध्ये ती तेरा-चौदा वर्षांची पोर होती. मुक्तियोद्ध्यांच्या तळावर एका हवालदाराने तिला स्वयंपाकाला आणलं. रांधणं, भांडी घासणं, हत्यारं पुसून ठेवणं ही तिची कामं. पोर हुशार आणि धीट आहे हे बघून त्याच हवालदाराने तिला बंदूक चालवायला शिकवलं. एकदा दुपारी सगळे जेवत होते आणि तारामन झाडावर चढून नदीकडे लक्ष ठेवून होती. पाकिस्तानी गनबोट येताना तिला दिसली. तिने ओरडून सांगितलं, सगळे सावध झाले आणि त्या दिवशी ती स्वतःही लढली. वेड्या मुलीचं सोंग घेऊन ती शत्रूच्या तळाजवळ फिरायची आणि खबर आणायची. त्याच भागात, जमालपूरला, आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण, डिसेंबरात लढली. आपल्याकडच्या एखाद्या माजी सैनिकाच्या घरी जमालपूरचं नाव निघत असेल, तर तारामनचा मुलूख त्याच्या शेजारचाच.

१९७३ साली बांगलादेश सरकारने शौर्यपदकं जाहीर केली. ६७६ नावं होती. त्यांत बायका दोनच. एक डॉक्टर सितारा बेगम, आणि दुसरी तारामन. दोघींना 'बीर प्रतीक' हा किताब मिळाला.

पण तारामनला ते कळलंच नाही. यादी ढाक्यात छापली गेली आणि ती नदीकाठच्या गावात होती. ना शिक्षण, ना पैसा. क्षयाने खंगलेली, मोलमजुरी करून जगणारी बाई. तिला शोधायला कुणी गेलं नाही. अखेर १९९५ मध्ये मैमनसिंहच्या एका प्राध्यापक-संशोधकाने तिचा माग काढला. डिसेंबरमध्ये पंतप्रधान खालिदा झिया यांच्या हस्ते तिला पदक मिळालं. मधे बावीस वर्षं गेली होती. २०१८ च्या डिसेंबरमध्ये ती वारली.

बायांनो, नाव यादीत होतं, पदक मंजूर होतं. कमी पडलं ते यादीतलं नाव आणि गावातलं माणूस जोडून देणारं कुणीतरी. आपल्या गटांत हे आपल्याला नवीन नाही. योजना मंजूर असते, यादीत नाव असतं आणि बाईला पत्ताच नसतो. आठवणीचंही तसंच असतं.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. घरात लहान मुलं ऐकत असतील तर ते तुम्ही ठरवा.

त्या युद्धात बायकांवर फार मोठ्या प्रमाणावर अत्याचार झाले. दोन लाख बायका, असा आकडा तिथे सांगितला जातो. स्वातंत्र्य मिळाल्यावर सरकारने या बायकांना एक नाव दिलं. 'बीरांगना', आपल्या भाषेत वीरांगना. हेतू चांगला होता. या बाईची काही चूक नाही, ती देशाची वीर आहे, तिला घरात घ्या, असं सांगायचं होतं. त्यांच्यासाठी केंद्रं उघडली, शिवणकाम शिकवलं, लग्नं लावून द्यायचेही प्रयत्न झाले. पण लोकांची जीभ कोण धरणार? लोकांनी 'बीरांगना'चं 'बारांगना' केलं. मराठीतही बघा, वीरांगना आणि वारांगना. एका मात्रेचा फरक, आणि बाईला गावात राहणं मुश्कील. कित्येक घरांनी मुली परत घेतल्या नाहीत. ज्या परत गेल्या त्या गप्प राहिल्या.

सिनेमानेही त्यांना फार जागा दिली नाही. अशी बाई पडद्यावर आली तरी शेवटी ती बहुधा मरते नाहीतर वेडी होते. पुढे तिने काय केलं, पोट कसं भरलं, मुलं कशी वाढवली, हे कमी दिसतं. खऱ्या बायका मात्र जगत होत्या. फेरदौसी प्रियभाषिणी नावाच्या शिल्पकार होत्या. वाळक्या फांद्या, टाकून दिलेली लाकडं यांतून त्या शिल्पं करायच्या. नव्वदच्या दशकात त्यांनी आपल्यावर काय गुजरलं ते नाव-चेहरा न लपवता सांगितलं. नीलिमा इब्राहिम यांनी अशा बायकांच्या हकिकती ऐकून पुस्तक लिहिलं. २०१५ पासून सरकार या बायकांची नावं मुक्तियोद्धा म्हणून नोंदवू लागलं, म्हणजे बंदूक घेतलेल्या गड्याला जो मान आणि भत्ता तोच यांना. चव्वेचाळीस वर्षं लागली. तोवर कितीतरी जणी गेल्या.

आणि एक सावधगिरीची गोष्ट. १९९२ मध्ये युद्धातल्या गुन्हेगारांना शिक्षा व्हावी म्हणून ढाक्यात लोकांनी जनतेचं न्यायालय भरवलं. पुढाकार होता जहानारा इमाम यांचा. त्यांचा मुलगा रूमी युद्धात पकडला गेला आणि परत आलाच नाही. त्या वर्षीची त्यांची रोजनिशी तिथे घरोघरी वाचली जाते. तर त्या न्यायालयासाठी कुष्टिया जिल्ह्यातल्या तीन गरीब बायकांना नेलं. त्यांचे फोटो वर्तमानपत्रांत छापून आले. देशाला पुरावा मिळाला. पण त्या बायका गावी परतल्या तेव्हा त्यांच्या वाट्याला टोमणे आणि बहिष्कार आला. काम न्यायाचं होतं, तरी किंमत त्या तिघींनी मोजली. म्हणून आठवण गोळा करणाऱ्याने आधी विचारावं, बाई, हे सांगितल्यावर उद्या तुला गावात कसं राहता येईल?

आठवणीचा दाखला झाला की भांडणंही होतात. तिथे मुक्तियोद्ध्यांच्या वारसांना सरकारी नोकऱ्यांत तीस टक्के राखीव जागा होत्या. २०२४ मध्ये त्यावरूनच विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं, ऑगस्टमध्ये सरकार कोसळलं आणि राष्ट्रपिता म्हणून उभारलेले शेख मुजीब यांचे पुतळे लोकांनी पाडले. त्यात बरोबर कोण हे मी इथून सांगणार नाही. एवढंच दिसतं की आठवण एका घराण्याची, एका पक्षाची झाली की बाकीच्यांना ती परकी वाटायला लागते.

मग आठवण सगळ्यांची कशी होईल? याचंही उत्तर मला तिथेच सापडलं. १९७१ मध्ये लियर लेविन नावाचा एक अमेरिकन माणूस निर्वासित छावण्यांतून गाणी म्हणत फिरणाऱ्या पथकाबरोबर हिंडला आणि त्याने पुष्कळ चित्रण केलं. ते वीसएक वर्षं पडून होतं. तारेक आणि कॅथरीन मसूद या जोडप्याने त्यातून १९९५ मध्ये 'मुक्तीर गान' हा सिनेमा केला. तो गावोगावी दाखवला. सिनेमा संपला की गावकरी उठायचे आणि म्हणायचे, आमच्या इथे काय झालं ते ऐका. शेतकरी बोलले, आदिवासी बोलले, बायका बोलल्या. ते ऐकून मसूद जोडप्याने पुढचा सिनेमा केला, 'मुक्तीर कथा'. त्यात गावची माणसंच बोलतात.

मैत्रिणींनो, हे आपण करू शकतो. आपल्याकडे सातारा-सांगलीत १९४२ नंतर प्रतिसरकार झालं. क्रांतिसिंह नाना पाटील सगळ्यांना माहीत. त्यांची मुलगी हौसाताई पाटील स्वतः त्या लढ्यात होत्या, हे त्या मानाने कमी जणींना माहीत. आणि भूमिगतांना रात्री-अपरात्री भाकरी करून घालणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या कितीतरी जणींची नावं कुठेच नाहीत. त्या पिढीतल्या जवळजवळ सगळ्या गेल्या. पण त्यांच्या सुना, लेकी आहेत. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेल्या आज्या आहेत.

पुढच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले, इतिवृत्त लिहून झालं की पंधरा मिनिटं ठेवा. एका आजीला विचारा. तेव्हा तुमचं वय काय होतं? तुम्ही काय केलंत? आणि ते कुणाला सांगितलंय का? तिच्याच शब्दांत लिहा. ती म्हणाली, हे लिहू नको, तर लिहायचं नाही. ती म्हणाली, नाव घालू नको, तर घालायचं नाही. लिहून झालं की तिला वाचून दाखवा. हिशेबाची वही असते तशी ही एक वही गटाकडे असू द्या.

तारामनला शोधायला बाहेरून एक प्राध्यापक यावा लागला. आपल्या गावातली तारामन तर आपल्याच गल्लीत राहते.