लॅपटॉप तोच, सवयी नव्या



विंडोज १०च्या सपोर्टची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. विंडोज ११ टाकावं, तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो बहुतेक आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचाच. माझ्या लॅपटॉपमधला सहाव्या पिढीचा. बटणं शाबूत, पडदा लख्ख, पण कंपनीच्या लेखी स्वारी निवृत्त! दुकानदार म्हणाला, ‘काका, नवाच घ्या.’ घेतला नाही. जुन्यावरच विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकलं, त्यातली एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. मिंटला दोन जीबी रॅमवर भागवता येतं, चार असली तर बरं. लॅपटॉपचा वेग वाढला, मात्र त्याचं सगळं श्रेय लिनक्सला देऊ नका. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, मोठा वाटा तिचाच.

खरी पंचाईत होते ती हातांची. सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह इथे नाहीतच. आपला सगळा पसारा ‘होम’ फोल्डरमध्ये. सॉफ्टवेअर हवं असेल तर वेबसाइटी धुंडाळायच्या नाहीत, बहुतेक सगळं ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’मध्ये मिळतं. आणि एक गंमत: मजकूर नुसता निवडायचा, हवा तिथे माउसचं चाक दाबायचं, की तो उमटतो. कॉपी म्हणावंच लागत नाही. ही सवय लागली की दुसऱ्याच्या कंप्युटरवर बोट उगाच चाकाकडे जातं.

मराठीचं काय? इन्स्क्रिप्ट येत असेल तर सेटिंग्जमध्ये मराठी कीबोर्ड जोडा. ‘के’च्या बटणावर क, ‘डी’वर हलन्त, सगळं जागच्या जागी. गोची होते जुन्या फाइलींची. कृतिदेव फॉन्टमध्ये लिहिलेली फाइल उघडावी, तर ‘कमल’च्या जागी डी, ई, वाय ही तीन रोमन अक्षरं दिसतात. कारण फाइलमध्ये मुळात तीच साठवलेली असतात. देवनागरीचं रूप त्यांना तो फॉन्ट देत होता, आणि नव्या घरी तो आलेलाच नसतो. फॉन्ट आणून टाकला तर मजकूर दिसेल, पण शोधता येणार नाही. तेव्हा कन्व्हर्टर वापरून तो युनिकोडमध्ये आणणं हाच उपाय. जोडाक्षरं आणि रफार मात्र डोळ्यांनी तपासावे लागतात. काम कंटाळवाणं आहे, पण ते विंडोज सोडण्याआधीच उरकावं.

ज्यांचा हिशेब टॅलीवर चालतो, त्यांनी या वाटेला न गेलेलं बरं. ते विंडोजसाठी बनलेलं आहे, आणि मार्च महिना प्रयोग करण्याचा नसतो.

बाकीच्यांनी मिंट आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहावं. तसं केल्यानं डिस्कला धक्का लागत नाही. वाय-फाय लागतं का, प्रिंटर छापतो का, आवाज येतो का, हे बघा. आपल्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा, आणि मगच ‘इन्स्टॉल’वर क्लिक करा.