परदेशी संसार थाटताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी भगिनींसमोर झालेले भाषण)



वर्धापनदिनी आरोग्य, पाकशास्त्र किंवा मुलांचे संगोपन यांवर बोलावयाचे, ही आपली नेहमीची रीत. यंदा चालकांनी मला वेगळाच विषय दिला : कुटुंबासह परदेशी राहावयास जाणाऱ्यांनी कोणती व्यवस्था पाहावी. विषय रुक्ष खरा, परंतु तो आता आपल्या उंबरठ्याच्या आत आला आहे. यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा येथली मुले एके काळी फार तर नागपूर-पुण्यापर्यंत जात. आज ती डॅलस, दुबई, मेलबर्न येथे बिऱ्हाड करतात. मी काही वकील नव्हे. माझी सारी नोकरी बँकेच्या खिडकीमागे झाली, आणि त्या खिडकीतून जे पाहिले त्यावरून चार शब्द सांगते.

परदेशगमन आपल्याला नवे नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली एकट्या अमेरिकेस गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, हे आपण शाळेत शिकलो. परंतु या विषयाचा आपल्या जिल्ह्याशी जवळचा असा एक धागा आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. लोकनायक बापूजी अणे आपल्या वणीचे. १९४३ पासून १९४७ पर्यंत ते हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, होते. तेथील चहाच्या मळ्यांवर लाखो हिंदी मजूर पिढ्यान्‌पिढ्या राबत होते, त्यांचे गाऱ्हाणे सरकारदरबारी मांडणे हे त्या जागेचे मुख्य काम. पुढे १९४८ साली सिलोनने नागरिकत्वाचा कायदा केला. वडिलांचा, नाही तर आजोबा-पणजोबांचा जन्म त्याच देशात झाल्याचा पुरावा आणा, अशी अट घातली. मळ्यावरच्या झोपडीत जन्मलेल्यांच्या जन्माची नोंद कोणी ठेवली होती? कायद्यामागचा हेतू काहीही असो, लाखो माणसे एका लेखणीच्या फटकाऱ्याने कोणत्याच देशाची उरली नाहीत. १९६४ साली शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांचा करार झाला, तेव्हा तो सुमारे पावणेदहा लाख माणसांविषयी होता. त्यांतल्या सव्वापाच लाखांना भारताने घ्यावे असे ठरले. उरलेल्यांचा प्रश्न पुरता मिटण्यास २००३ साल उजाडावे लागले.

आपली मुले काही मळ्यावर मजुरीस जात नाहीत, हे मी जाणते. परंतु परक्या मुलुखात आपण कोण, हे आपला चेहरा सांगत नाही, कागद सांगतो, एवढा धडा त्यातून घ्यावा.

म्हणून पहिली गोष्ट कागदांची. आपल्याकडे माहेरी सुमन आणि सासरी सुनंदा, शाळेच्या दाखल्यावर ‘सुमनबाई’, आधार कार्डावर ‘सुमन’ आणि बँकेत आणखी तिसरेच, असे सर्रास असते. गावात याने काही अडत नाही. व्हिसाच्या अर्जात मात्र या तीन निरनिराळ्या बायका ठरतात. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही. परंतु बदलले असेल तर राज्याच्या राजपत्रात तशी नोंद करून घ्यावी आणि सर्व कागद एका नावाचे, एका स्पेलिंगचे करावेत. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी ठेवू नये. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने नियम काढला की, पासपोर्टवर नुसते एकच नाव असेल तर भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाही. पुष्कळ लोक विमानतळावरून परतले.

लग्नाचा नोंदणी-दाखला नसेल तर पत्नीला नवऱ्याबरोबरचा व्हिसा मिळणे कठीण. मंगल कार्यालयाची पावती आणि फोटोंचा अल्बम तेथे चालत नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने ही नोंदणी खेड्यात ग्रामपंचायतीत आणि शहरात नगर परिषदेत होते, उशिराही होते. मुलांचे जन्मदाखले नावासह इंग्रजीत घ्यावेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बाळाच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. शाळा सोडल्याचा दाखला आणि लसीकरणाचे कार्ड यांना विसरू नये. अमेरिकेत लसींचा पुरावा मागितल्यावाचून मुलाला सहसा शाळेत बसू देत नाहीत. पासपोर्टच्या कामी आपला जिल्हा नागपूरच्या विभागीय कार्यालयाखाली येतो.

यांतल्या काही कागदांवर परराष्ट्र मंत्रालयाचा ‘अपोस्टील’ नावाचा शिक्का लागतो. २००५ सालापासून भारत या करारात आहे. अमिरातीसारखे देश त्यात नाहीत. त्यांच्या वकिलातीचा शिक्का वेगळा घ्यावा लागतो. या कामाला आठवडे जातात. तिकीट काढल्यावर धावाधाव करण्यापेक्षा नोकरीचे पत्र आल्याबरोबर आरंभ करावा.

मजुरीच्या किंवा कारागिरीच्या कामासाठी आखाती देशांत जाणाऱ्यांनी आणखी जपावे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर शिक्का असतो, आणि ठराविक अठरा देशांत नोकरीस जाण्यासाठी त्यांना १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे सरकारी परवानगी लागते. एजंट नोंदलेला आहे की नाही, हे सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर पाहता येते. त्याने घ्यावयाच्या मोबदल्याला तीस हजार रुपये व त्यावरील कर अशी मर्यादा आहे. “आधी भेटीच्या व्हिसावर चला, तेथे कामाचा करून देऊ,” असे म्हणणाऱ्या एजंटाच्या दारात दुसऱ्यांदा उभे राहू नये.

आता पैशाचे पाहू. नोकरीसाठी देश सोडला की विदेशी चलनाच्या कायद्याने माणूस ‘अनिवासी’ ठरतो, मग त्याचा पासपोर्ट भारताचा का असेना. त्याचे येथले साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते ‘एन.आर.ओ.’ करून घ्यावे लागते. भाडे, पेन्शन, शेतीचा हिस्सा असे येथले उत्पन्न त्यात जमा होते. परदेशची कमाई इकडे पाठविण्यासाठी ‘एन.आर.ई.’ खाते काढावे. त्याच्या व्याजावर अनिवासी असेतोवर येथे प्राप्तिकर नाही आणि पैसा हवा तेव्हा परत नेता येतो. एन.आर.ओ. च्या व्याजातून बँक कर कापून घेते, आणि त्यातली रक्कम कर भरल्यावर वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येते. पी.पी.एफ. चे नवे खाते अनिवासी व्यक्तीस उघडता येत नाही. खिडकीशी येऊन “काही होत नाही हो, चालू द्या जुनेच,” असे सांगणारे मी पुष्कळ पाहिले. काही होत नाही ते घरात वारस आणि भावाभावांत प्रश्न निर्माण होईपर्यंत. नेमका तेव्हाच हा जुना गुंता वर येतो.

शेतीचा विषय आपल्याकडे सर्वांत नाजूक. वडिलांच्या नावे दहा एकर कापसाचे रान, मुलगा वा मुलगी परदेशी. येथे नियम नीट ध्यानात ठेवावा. अनिवासी भारतीयाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि बक्षीसपत्राने घेताही येत नाही. वारसाहक्काने मात्र मिळते व ठेवता येते. म्हणून प्रेमापोटी लेकीच्या नावे शेताचे बक्षीसपत्र करू पाहणाऱ्या बापाने ती परदेशी राहत असेल तर तसे न करता मृत्युपत्राचा मार्ग धरावा. मृत्युपत्र साध्या कागदावर होते. दोन साक्षीदार असले म्हणजे पुरते. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. पुढे जमीन विकावयाची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकासच विकता येते. शिवाय विदर्भाला लागू असलेल्या १९५८ च्या कूळकायद्याप्रमाणे घेणाराही सामान्यतः शेतकरीच असावा लागतो.

जमीन ठेवली म्हणजे ती राखणे आले. सातबाऱ्यावर वारसांची नोंद वेळेवर करावी. ई-पीक पाहणी कोण करणार, बटाई कोणाला, हे लिहून ठेवावे. पी.एम. किसानचा हप्ता अनिवासी शेतकऱ्याला नाही. कारभार भावाकडे द्यावयाचा असल्यास मुखत्यारपत्र करावे, परंतु ‘सर्व अधिकार दिले’ अशा सरसकट भाषेत नव्हे. कोणत्या कामासाठी, कोणत्या गटासाठी, किती काळासाठी, हे त्यात मांडावे. ते परदेशात केले असेल तर भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे आणि येथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा.

आणि भगिनींनो, एक गोष्ट मी मुद्दाम सांगते. मुलगी परदेशी निघाली की, “ताई, तू आता तिकडची. जाण्यापूर्वी हक्कसोडपत्रावर सही करून जा,” असे गोड शब्दांत सांगण्याची रीत पडली आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि विमानात बसल्याने तो जात नाही. तिला भावाला द्यावयाचे असेल तर तिने आनंदाने द्यावे; ते तिचे दान होय. परंतु सामान बांधण्याच्या घाईत, न वाचता केलेली सही हे दान नव्हे.

आता तेथे पोचलेल्या सुनेविषयी. आखातात बहुधा पत्नीचे राहणे नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असते. त्याची नोकरी सुटली की सर्वांचीच मुदत मोजली जाऊ लागते. अमेरिकेत एच-४ व्हिसावरच्या पत्नीला आपल्या आपण नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काही जणींना परवाना मिळू लागला, तोही सर्वांना नव्हे. येथे शिक्षिका असलेली, महिना संपला की स्वतःचा पगार मोजणारी मुलगी तेथे किराण्यासाठी हात पसरते, हे दुःख फोनवर आईला सांगितले जात नाही. म्हणून जाण्यापूर्वीच पतिपत्नींनी बसून ठरवावे की बँकेत दोघांची नावे राहतील. तिचा पासपोर्ट तिच्याच जवळ असावा. त्याच्या, व्हिसाच्या व लग्नाच्या दाखल्याच्या प्रती माहेरीही असाव्यात. हा अविश्वास नव्हे. आपण घराची दुसरी किल्ली शेजारी ठेवतो, तसेच हे.

सगळेच जावई चांगले निघतील असे नाही. परदेशातील विवाहांत फसलेल्या स्त्रियांसाठी राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून स्वतंत्र कक्ष आहे. परदेशातील भारतीय वकिलातींकडे त्याच साली अडचणीतल्यांसाठी कल्याण निधी झाला. परदेशी कोर्टाचा घटस्फोटाचा कागद आला म्हणजे सर्व संपले, असेही मानू नये. ज्या कायद्याने लग्न झाले त्याप्रमाणे अधिकार नसलेल्या आणि पत्नीने मनापासून न मानलेल्या परक्या कोर्टाचा निकाल येथे बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले आहे. तो कागद कपाटात टाकून न देता वकिलाला मात्र दाखवावा. स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावयाचा.

मूल तिकडे जन्मले तर एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्म नोंदवावा, म्हणजे भारताचे नागरिकत्व राखता येते. आपल्या कायद्यात दोन नागरिकत्वे नाहीत. परक्या देशाचे घेतले की आपले जाते, व मग ‘ओ.सी.आय.’ कार्ड काढता येते. त्यावर येणे-राहणे होते, मतदान होत नाही. भारताचा पासपोर्ट ठेवलेल्यास २०११ पासून मतदार म्हणून नोंदता येते, परंतु मत देण्यास स्वतः यावे लागते.

आता थोडे आपल्या हातातल्या कामाचे, म्हणजे सामान बांधण्याचे. अनारशांसाठी म्हणून दुबईला जाणाऱ्या पोरीच्या पिशवीत खसखस घालू नका. आपल्याकडे ती मसाल्याच्या डब्यात असते. तेथे अंमली पदार्थांत मोडते, आणि माणसे त्यापायी तुरुंगात गेली आहेत. खोकल्याची, दुखण्याची कोणतीही औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून नेऊ नयेत. ऑस्ट्रेलियाला लोणची, पापड, डाळी, बी-बियाणे जे असेल ते उतरताना कार्डावर लिहून द्यावे. लपविल्यास जबर दंड होतो. अंगावरचे मोठे दागिने नेताना विमानतळावर कस्टमकडून निर्यातीचा दाखला घेऊन ठेवावा, म्हणजे परत येताना आपल्याच पाटल्यांवर जकात द्यावी लागत नाही.

शेवटी, मागे राहणाऱ्या आईवडिलांचे. मुलगा महिन्याला पैसे पाठवितो, परंतु रात्री दोन वाजता दवाखान्यात कोण नेणार? जाण्यापूर्वी आईवडिलांचा आरोग्यविमा, पेन्शनचे हयातीचे दाखले, सर्व खात्यांवरची वारसनोंद आणि गावातल्या दोन भरवशाच्या माणसांची नावे एका वहीत लिहून ती वही देवघराजवळ ठेवावी.

हे नियम दरसाल थोडेफार बदलतात. म्हणून निघण्याच्या सुमारास ते पुन्हा पडताळून घ्यावेत. माझी मंडळाला एक सूचना आहे. महिन्यातून एक दुपार कागद तपासण्यासाठी ठेवावी. ज्या घरचे कोणी निघाले आहे त्यांनी आपली थैली घेऊन यावे. नावे जुळतात का, दाखले आहेत का, सही कशावर करावयास सांगितली आहे, हे दोघीतिघींनी मिळून वाचावे. हळदीकुंकवाला जितका वेळ लागतो, तितकाच याला लागेल.